पावसात बंद पडणारी गाडी

मिस्त्री: नळीनं पाणी मारून झालं, ताई. बादलीनं ओतून झालं. काल तर प्लगच्या टोपीवर ओलं फडकं गुंडाळून अर्धा तास गाडी चालू ठेवली. तुमची ही गाडी पाण्याला भीक घालत नाही.

ताई: नळीचं पाणी म्हणजे पाऊस नव्हे.

मिस्त्री: पाणी ते पाणी.

ताई: तसं नसतं मिस्त्री. मी लॅबमध्ये रक्त तपासते. बाटलीतलं रक्त आणि अंगातलं रक्त एकच, म्हणून डॉक्टर काही बाटलीला औषध देत नाहीत.

मिस्त्री: बोलण्यात तुम्ही मला ऐकायच्या नाहीत.

ताई: नाहीच. दहा दिवस पावसाची वाट बघतेय. आज सकाळी आभाळ भरलेलं दिसलं, तशी दुपारनंतरची रजा टाकली. आता पडतोय चांगला. हेल्मेट घाला.

मिस्त्री: मी? मी कशाला?

ताई: बंद पडली तर का पडली ते सांगायला. आणि नाही पडली तर तेही दुसऱ्या कुणीतरी बघितलेलं असू दे. एकट्या माझ्या बघण्यावर माझा विश्वास नाही आता.

मिस्त्री: अहो, आयुष्य गेलं या छपराखाली. लोक पावसात भिजलेल्या गाड्या ढकलत आणतात, मी पुसून चालू करून देतो. स्वतः पावसात गाडीवर बसून कधी गेलो, आठवत नाही. आणि तेही मागे बसून.

ताई: मग आज जा. रेनकोट आहे ना?

मिस्त्री: आहे, खिळ्याला टांगलेला. पण आधी मला एक समजावून सांगा. गाडी पावसात बंद पडते, असं म्हणतंय कोण? तुमच्या हातात तर एकदाही पडली नाही म्हणता.

ताई: माझा नवरा म्हणतो.

मिस्त्री: मग त्यांनाच आणा की. कुठे, कशी पडते ते दाखवतील.

ताई: तो चार महिने त्याच्या बहिणीकडे राहतोय. मीच म्हणाले होते, खरं सांग नाहीतर घरात राहू नकोस. त्यानं गाडीची किल्ली फळीवर ठेवली आणि म्हणाला, स्वतः चालवून बघ. मला चालवता येत नव्हती. शिकले.

मिस्त्री: एवढ्यासाठी गाडी शिकलात?

ताई: एवढ्यासाठीच. बसा. पेट्रोलचा कॉक चालू, चोक बंद, स्टँड वर. चला.

मिस्त्री: सावकाश हं. खड्ड्यात पाणी साचलं की खोली कळत नाही. डावीकडनं नको, मधून घ्या.

ताई: आधी चष्म्याच्या दुकानापर्यंत जायचं. तो तिथे कामाला आहे, काचा घासायला. तिथून मग त्याच्या रोजच्या रस्त्यानं घरी. सगळं तस्संच करायचं.

मिस्त्री: काय म्हणालात? वारा तोंडातला शब्द पळवतोय.

ताई: म्हटलं, तो जायचा तसंच जायचं.

मिस्त्री: जाऊ या. मला काय, मी आज ओझं आहे.

ताई: दोन वर्षं, मिस्त्री. कोरड्या दिवशी साडेसहाला घरी. दोन-चार मिनिटं इकडे तिकडे. आणि पाऊस पडला की साडेआठ, पावणेनऊ. का रे उशीर? गाडी बंद पडली, एका शेडखाली थांबलो, वाळली, मग आलो. प्रत्येक वेळी हेच. शब्दसुद्धा बदलायचा नाही.

मिस्त्री: मग गॅरेजला का नाही दाखवली त्यांनी? दोन वर्षं गाडी रडतेय आणि माणूस मिस्त्रीकडे जात नाही, हे काही मला पटत नाही.

ताई: तेच. तेच तर मी म्हणाले त्याला. म्हणाला, दाखवतो. कधी दाखवली नाही.

मिस्त्री: हं.

ताई: नुसतं हं म्हणू नका. बोला.

मिस्त्री: बोलायचं काय त्यात. तुमच्या मनात पाल चुकचुकली असणार.

ताई: मी दुकानात फोन करायचे. ते म्हणायचे, सहाला निघाला. मग मी कॅलेंडरवर फुल्या मारायला लागले. पाऊस, उशीर. पाऊस, उशीर. असं कोण असतं, जे फक्त पावसात भेटतं?

मिस्त्री: मी कुणाची बाजू घेत नाही. पण बाहेर काही लफडं करणारा माणूस हवामान बघून करत नाही, ताई.

ताई: हे दुकान. पाटी दिसतेय? इथून तो निघतो. चालू करा घड्याळ. चार वाजून दहा मिनिटं.

मिस्त्री: एक विचारू? गाडी पडली बंद, तर काय करणार?

ताई: तर त्याला आजच फोन करणार. म्हणणार, चुकलं माझं, घरी ये.

मिस्त्री: आणि नाहीच पडली तर?

ताई: त्यांच्या दुकानाची दूरच्या गावी नवी शाखा निघालीये. त्याला विचारलंय, सोमवारी सांगायचंय. त्यानं मला विचारलं, मी जाऊ का. नाही पडली, तर म्हणेन जा.

मिस्त्री: आणि मनातून काय हवंय?

ताई: मला तो हवाय. पण खोटारडा नकोय.

मिस्त्री: कठीण आहे. अहो, समोरचा टेम्पो थांबतोय.

ताई: बघितला.

मिस्त्री: चांगली चालवता तुम्ही. ब्रेक मारताना पाण्यावर घसरतात लोक, तुम्ही आधी गिअर उतरवलात.

ताई: शिकवणारी बाई कडक होती.

मिस्त्री: इंजिनाचा आवाज ऐका. एकसारखा. अशी गाडी बंद पडायची म्हणजे... जरा थांबवा. बाजूला घ्या. मागच्या चाकाशी काहीतरी फडफडतंय.

ताई: काय आहे?

मिस्त्री: उतरून बघतो. तुम्ही समोर लक्ष ठेवा, गाड्या जवळून जातायत. हां. माझ्याच रेनकोटचं टोक. आणि ही साखळी बघतो, आणि हे जरा... झालं. निघा.

ताई: एवढा वेळ वाकून काय करत होतात?

मिस्त्री: वयानं गुडघा लवकर सरळ होत नाही. निघा, निघा.

ताई: दिवे लागले बघा रस्त्यावरचे. साडेचारला.

मिस्त्री: आभाळच तसं झालंय. दिवेसुद्धा फसले. काय सुंदर दिसतंय हो सगळं. ती इमारत होती का नव्हती, कळत नाही.

ताई: माझ्या काचेवर पाणी आहे. मला निम्मंच दिसतंय.

मिस्त्री: ताई. ऐकलंत? खोकली.

ताई: हो.

मिस्त्री: परत. बाजूला घ्या, त्या बसथांब्याखाली घ्या. गेली बघा.

ताई: बंद पडली.

मिस्त्री: पडली.

ताई: मिस्त्री, बंद पडली. पावसात.

मिस्त्री: दिसतंय तर. कॉईल असेल. आत कुठे चीर असेल, नळीच्या पाण्याला कळली नाही ती. पावसाचं पाणी बारीक असतं, शिरतं. तुम्ही म्हणत होतात तेच बरोबर.

ताई: तो खरं बोलत होता. दोन वर्षं. मी त्याला जेवताना ताटावरून उठवलं हो एकदा. त्यानं हात धुतला आणि गॅलरीत जाऊन उभा राहिला. देवा. मी काय केलं.

मिस्त्री: होतं असं. आता करा फोन. पाच मिनिटं बसा निवांत, श्वास घ्या आणि करा.

ताई: करते. आधी कॉक रिझर्व्हला लावून बघते.

मिस्त्री: नको, नको. हात लावू नका. गरम आहे, भाजेल.

ताई: कॉक गरम नसतो.

मिस्त्री: मी बघतो, तुम्ही फोन करा.

ताई: गाडी बंद पडली की सगळ्यात आधी हात खाली न्यायचा आणि रिझर्व्ह लावायचं. बाईंनी शंभर वेळा करून घेतलंय. झोपेतसुद्धा माझा हात तिथे... मिस्त्री.

मिस्त्री: काय?

ताई: कॉक बंद आहे.

मिस्त्री: असेल. धक्क्यानं फिरतो कधी कधी.

ताई: धक्क्यानं फिरत नाही. निघताना मी चालू केला होता, तुमच्यासमोर बोलून केला होता. मध्ये तुम्ही खाली उतरलात. रेनकोटचं टोक.

मिस्त्री: ताई...

ताई: बंद केल्यावर कार्बोरेटरमधल्या पेट्रोलवर गाडी किती जाते?

मिस्त्री: एक-दीड किलोमीटर.

ताई: म्हणजे अगदी या बसथांब्यापर्यंत.

मिस्त्री: तुम्ही भिजू नये म्हणून अंदाज घेतला होता.

ताई: वा. म्हणजे माझी काळजी पण घेतलीत.

मिस्त्री: रागवा. तुमचा हक्क आहे.

ताई: तुमचा काय संबंध हो? तुम्ही कोण माझे?

मिस्त्री: कुणी नाही. तुम्ही म्हणालात ना, नाही पडली तर म्हणेन जा. ते ऐकलं आणि रेनकोटचं निमित्त करून खाली उतरलो. गाडी ठणठणीत आहे हे मला दहा दिवसांपासून माहीत आहे. म्हटलं, एवढी चांगली चालणारी गाडी, आणि तिच्या चांगलं चालण्यापायी दोन माणसं तुटायची. जन्मभर बंद गाड्या चालू केल्या. आज एक चालू गाडी बंद केली, एवढंच.

ताई: एवढंच?

मिस्त्री: चुकलो. कानाला खडा.

ताई: चार-पाच मिनिटं असतील. त्या वेळात मी किती सुखात होते, तुम्हाला कळणार नाही. चार महिन्यांत पहिल्यांदा छाती मोकळी झाली होती. ती चार मिनिटं तुम्ही मला द्यायला नको होती.

मिस्त्री: माझ्याच्यानं बघवलं नाही. दुसरं कारण नाही.

ताई: सगळ्यांना माझ्याशी खोटंच का बोलावंसं वाटतं? तो प्रेमानं बोलतो, तुम्ही दयेनं बोलता. मी काय इतकी भीतीदायक आहे?

मिस्त्री: थोड्या आहात.

ताई: काय?

मिस्त्री: तुम्ही विचारलंत म्हणून सांगितलं. तुम्ही प्रश्न विचारता ना, तेव्हा माणसाला वाटतं, आता याचं उत्तर बाटलीत भरून द्यावं लागणार. वर नाव, तारीख घालून. काही गोष्टींना तसं उत्तर नसतं, मग माणूस दुसरंच काहीतरी भरून देतो.

ताई: बसा मागे.

मिस्त्री: मी जातो इथून बसनं. तुम्हाला माझं तोंड नको असेल बघायला.

ताई: मागे बसल्यावर तोंड दिसत नाही. बसा. सुरू केलेली तपासणी मी अर्ध्यात टाकत नाही. घरापर्यंत जायचं, आणि या वेळी तुम्ही दोन्ही हात माझ्या समोर दिसतील असे... ते राहू दे. मागची दांडी धरून बसा.

मिस्त्री: धरली. एका किकला लागली बघा. गुणी आहे हो.

ताई: तेच तर.

(बराच वेळ फक्त पाऊस आणि इंजिनाचा आवाज.)

मिस्त्री: रागावलात अजून?

ताई: माहीत नाही. बोलू नका थोडा वेळ.

मिस्त्री: बरं.

ताई: हे काय वाजतंय?

मिस्त्री: टाकीवर थेंब पडतायत. भरलेली टाकी वेगळी वाजते, रिकामी वेगळी. ही निम्मी आहे.

ताई: आणि हे?

मिस्त्री: ते तुमच्या हेल्मेटवर. माझ्यावर पण तसंच वाजतंय. मगाचपासून ऐकतोय. लहानपणी आजारी पडलो की घोंगडं डोक्यावरून घेऊन पडायचो, तसं वाटतंय. कुणी हाक मारली तरी ओ द्यायची नाही.

ताई: मला बोटं जाणवत नाहीयेत.

मिस्त्री: थांबू या का?

ताई: नको. वाईट नाही वाटत. हात माझे आहेत की गाडीचे, एवढंच कळत नाहीये.

मिस्त्री: ते बघा, रोपवाटिका. सगळी झाडं उघड्यावर काढून ठेवलीत भिजायला. आणि तो माणूस खुर्ची टाकून छत्रीखाली बसलाय, नुसता बघत.

ताई: हिरवं दिसलं मला काहीतरी. माणूस नाही दिसला.

मिस्त्री: ही एवढी झाडं लागली की शहर संपलं वाटतं. ताई, किती छान आहे हो हे. मी पावसाला नेहमी शिव्याच घातल्या. पाऊस म्हणजे गंजलेल्या केबली, चिखलानं भरलेली चाकं आणि ताबडतोब करून द्या म्हणणारी माणसं. तो असा असतो, हे मला कुणी सांगितलंच नाही.

ताई: आमच्या लॅबला खिडकी नाही. पाऊस पडून गेला हे मला ओल्या छत्र्यांवरून कळतं.

मिस्त्री: आता काय विचार करताय?

ताई: काहीच नाही. खरंच काही नाही. मगाशी तुमच्यावर चिडायचं होतं, ते कुठेतरी मागे पडलं. सोमवार पण पडला. आता फक्त पुढचं पाणी दिसतंय, मग ते मागे जातं, मग परत पुढचं.

मिस्त्री: हं.

ताई: तिसऱ्या गिअरला काय सुरेख चालते ही.

मिस्त्री: ताई, तुमचं घर नक्की कुठे?

ताई: शाळेच्या कोपऱ्यावरून डावीकडे.

मिस्त्री: कुठली शाळा?

ताई: ती लाल भिंतीची.

मिस्त्री: ती मगाशीच गेली. रोपवाटिकेच्या आधी. मी म्हटलं तुम्हाला माहीत असेल.

ताई: माहीत होतं.

मिस्त्री: मग वळला का नाहीत?

ताई: वळणार होते. कोपरा आला, मला दिसला. सिग्नलसुद्धा दाखवला मी.

मिस्त्री: हो, दाखवलात. अजून चालू आहे तो.

ताई: आणि हात वळला नाही.

मिस्त्री: होतं कधी कधी.

ताई: किती वाजले?

मिस्त्री: घड्याळात पाणी गेलंय, पण दिसतंय. पावणेसहा.

ताई: कसे वाजतील? बसथांब्यावरून निघून दहा मिनिटं झाली असतील.

मिस्त्री: तास होत आला, ताई. मधे एकदा तुम्ही त्या गोल बागेला दोन फेऱ्या घातल्यात. मला वाटलं तुमचा राग जायचाय अजून.

ताई: मी दोन फेऱ्या घातल्या?

मिस्त्री: सावकाश, छान घातल्यात. मीही काही बोललो नाही. मलाही नको होतं उतरायला.

ताई: मिस्त्री.

मिस्त्री: बोला.

ताई: गाडी बंद पडत नाही. तो खोटं बोलला.

मिस्त्री: हो. आता त्यावर पांघरूण घालण्यात अर्थ नाही.

ताई: आणि तो कुणाकडे जात नव्हता.

मिस्त्री: ते कशावरून?

ताई: मी आत्ता कुणाकडे जातेय?

मिस्त्री: खरंच की.

ताई: मला आत्ता कुणी विचारलं, कुठे होतीस, तर मी काय सांगू? तास गेला. कुठेच नव्हते. काही करत नव्हते. कामावरून येणारी शहाणीसुरती बाई अशी बागेला फेऱ्या घालत भिजत होती, हे सांगता येतं का कुणाला?

मिस्त्री: त्यांनी सांगितलं असतं तर तुम्ही काय म्हणाला असता? खरं सांगा.

ताई: म्हणाले असते, कुणाबरोबर.

मिस्त्री: झालं तर.

ताई: पण हा फक्त माझा अंदाज आहे. आमच्याकडे एकदा आलेल्या रिपोर्टवर कुणाला औषध देत नाहीत. दुसऱ्या हातानं तपासून घ्यावं लागतं.

मिस्त्री: म्हणजे आता अजून काय करायचं राहिलं? ताई, ब्रेक. ब्रेक मारा. पुढे रस्ता नाही.

ताई: मारला. काय आहे हे?

मिस्त्री: पाणी. तलाव वाढवला तेव्हा जुना रस्ता बुडाला, असं ऐकलं होतं. बघितला आज. सरळ पाण्यातच उतरतोय बघा.

ताई: मधला पांढरा पट्टा पण दिसतोय, आत बराच लांबपर्यंत. किती शांत आहे इथे. इतका पाऊस पडतोय आणि शांत कसं?

मिस्त्री: पाण्यावर पडतोय म्हणून.

ताई: मी फोन करते.

मिस्त्री: बाहेर काढू नका, भिजेल. पिशवीतूनच लावा आणि स्पीकर चालू करा. मी तिकडे त्या दगडावर जाऊन बसतो.

ताई: बसा इथेच. तुम्ही साक्षीदार आहात.

मिस्त्री: बरं. मी तलावाकडे बघतो.

ताई: हॅलो. मी बोलतेय.

नवरा: हां. बोल. कसला आवाज येतोय गं? कुठे आहेस?

ताई: ते नंतर. एक विचारायचंय. पाऊस असला की तू घरचं वळण सोडून पुढे जायचास. कुठवर?

नवरा: काय?

ताई: का, कशाला, ते नाही विचारत. कुठवर जायचास, तेवढं सांग.

नवरा: ... रस्ता पाण्यात जातो ना, तिथवर. तलावाच्या जुन्या रस्त्यानं. पुढे जाताच येत नाही. तिथे थोडा वेळ थांबून परत.

ताई: एकटा?

नवरा: एकटाच. तिथे कोण येतंय. गाडी कधीच बंद नाही पडली. एकदाही नाही. मी खोटं बोललो.

ताई: का बोललास?

नवरा: तू पहिल्यांदा विचारलंस तेव्हा मला काही सुचलं नाही. काय सांगू? दिवसभर काचा घासतो मी. अर्ध्या नंबरानं इकडे नाही, तिकडे नाही. सगळ्यांना सगळं स्वच्छ दिसायला हवं. संध्याकाळी डोळे नुसते आग आग होतात. पावसात हेल्मेटच्या काचेतून काही धड दिसत नाही, आणि मला इतकं बरं वाटतं. हे काय कारण आहे का उशिराचं? म्हणून म्हटलं गाडी बंद पडली. मग दुसऱ्या वेळीही तेच म्हणावं लागलं.

ताई: आणि ताटावरून उठवलं तेव्हा? घराबाहेर काढलं तेव्हा तरी?

नवरा: तेव्हा फार उशीर झाला होता. तोवर तुला वाटायला लागलं होतं कुणी बाई आहे. मी म्हणणार, बाई नाही, पाऊस आहे? तू विश्वास ठेवला असतास?

ताई: नसता. पण तू ऐक आता. तू इथे छान शांतपणे उभा असायचास, तेव्हा मी खिडकीत उभी असायचे. प्रत्येक वेळी. पावसात गाडी घसरली असेल, कुठे पडला असशील, कुणी उचललं असेल का. लॅबमध्ये अपघाताची माणसं येतात, त्यांचं रक्त माझ्या हातात असतं रे. तू दारात आलास की जिवात जीव यायचा, आणि त्याच्या दुसऱ्या मिनिटाला इतका राग यायचा की तुझं तोंड बघवायचं नाही. मला तुझ्या बाईची भीती नव्हती. ती नंतर आली. आधी ही होती.

नवरा: हे तू कधी बोलली नाहीस.

ताई: नाही बोलले. कुठे होतास, तेवढंच विचारत बसले.

नवरा: माझ्या डोक्यातच आलं नाही गं. मला वाटायचं, तू घड्याळ बघतेस.

ताई: घड्याळच बघत होते. अजून काय बघणार?

नवरा: तू खरंच कुठे आहेस?

ताई: पांढरा पट्टा पाण्यात जातो, तिथे.

नवरा: तिथे? कशी गेलीस?

ताई: चालवत. वळण चुकवून. मागे एक मिस्त्री बसवून आणलेत. ते आपलं बोलणं ऐकत नाहीयेत.

मिस्त्री: नाही ऐकत. पावसाचा आवाज फार आहे.

नवरा: तू गाडी शिकलीस?

ताई: तूच म्हणाला होतास ना, चालवून बघ. बघितली.

नवरा: कशी वाटली?

ताई: अजून थांबावंसं वाटत नाहीये.

नवरा: हं. पावसात तिथे तलाव आणि आभाळ एकच होतं बघ. कुठे काय संपलं ते कळत नाही.

ताई: मला राग आलेला आहे तुझा. तो गेलेला नाही, लगेच जाणारही नाही. हे तुला माहीत असू दे.

नवरा: माहीत आहे.

ताई: आणि पुढच्या वेळी जाताना मला सांगून जायचं. येतो म्हणायचं. कधी, ते नाही सांगितलंस तरी चालेल.

नवरा: पुढच्या वेळी?

ताई: हो.

नवरा: सोमवारी मी नाही म्हणून सांगू त्यांना?

ताई: सोमवारचं सोमवारी. तू आत्ता काय करतोयस?

नवरा: काही नाही. बहिणीच्या घरी खिडकीत उभा आहे.

मिस्त्री: ताई, मधे बोलतो, माफ करा. मागे फाट्यावर मला बस मिळते. त्यांना यायचं असेल तर माझी जागा रिकामी आहे.

नवरा: ते ऐकत नाहीयेत म्हणालीस ना?

ताई: पावसाचा आवाज कमी झाला असेल. येतोस?

नवरा: येतो. पण दोन बस बदलाव्या लागतील, आणि या पावसात त्या कुठे वेळेवर येतायत. उशीर होईल मला.

ताई: होऊ दे.